मुलांची संस्था वाढवायची तर: वॉर्साच्या एका घरातून उचललेल्या गोष्टी

महिन्यातून एकदा तरी असा फोन येतोच. ‘बाई, आम्हीपण ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह काढतोय. रस्त्याला लागून दोन एकर मिळतेय. भूमिपूजनाला याल ना?’ मी विचारते, मुलं किती आहेत? समोरून उत्तर येतं, ‘मुलं काय, येतीलच की.’

मग मी त्या माणसाला पोलंडमधल्या वॉर्सा शहरातल्या एका अनाथालयाची गोष्ट सांगते. ती फोनवर पुरी होत नाही, म्हणून एकदाच लिहून काढतेय.

आधी मी कोण ते सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं शिकवलं, मग स्वेच्छानिवृत्ती घेतली. गेली चौदा वर्षं बीड जिल्ह्यातल्या एका गावात हंगामी वसतिगृह चालवते. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन टोळीबरोबर कारखान्याकडे निघतात, ते पाडव्याच्या आगेमागे परततात. तेवढे महिने त्यांची मुलं आमच्याकडे राहतात आणि गावातल्या शाळेत जातात. सध्या ४२ आहेत. तिसऱ्या वर्षी माझा पार वैताग झाला होता. रोज चोऱ्या, रोज मारामाऱ्या, आणि मी दिवसभर फौजदारासारखी ओरडत फिरायची. तेव्हा एका निवृत्त ग्रंथपालांनी मला इंग्रजी पानांची जाडजूड झेरॉक्स आणून दिली. डिक्शनरी मांडीवर घेऊन दोन उन्हाळ्यांत ती वाचली. पोलंडमधल्या एका ज्यू डॉक्टरनं आपलं अनाथालय कसं चालवलं, ते त्यानं स्वतः लिहिलेलं होतं.

(पोलंड म्हटलं की आपल्याकडे कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवतं. ती दुसऱ्या महायुद्धात आलेली निर्वासित मंडळी. त्यांची गोष्ट निराळी आहे.)

आधी माणसं, मग वीट

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉर्सा रशियाच्या झारच्या ताब्यात होतं. शहरातला जवळपास तिसरा माणूस ज्यू, आणि त्यातले पुष्कळ कमालीचे गरीब. फ्रान्चिश्कान्स्का रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांसाठी एक आसरा होता, पण त्याची अवस्था भयंकर होती. १९०८ मध्ये काही लोकांनी ‘अनाथांना मदत’ अशा साध्यासुध्या नावाची संस्था काढली. त्यात डॉक्टर इझाक एलियासबर्ग आणि त्यांची बायको स्टेला पुढे होते. या मंडळींनी भूमिपूजन केलं नाही. होता तोच आसरा आधी माणसात आणायला घेतला.

तिथं स्टेफानिया विल्चिन्स्का नावाची विशीतली मुलगी काम करत होती. बेल्जियममध्ये शिकून आलेली, घर खात्यापित्याचं. एलियासबर्गनी आपल्या ओळखीतल्या एका बालरोगतज्ज्ञालाही ओढून आणलं. त्याचं नाव हेन्रिक गोल्डश्मिट. लिखाणासाठी त्यानं यानुश कोर्चाक हे नाव घेतलं आणि जगाला तेच माहीत आहे. मुलांच्या इस्पितळात त्याची नोकरी होती आणि डॉक्टर म्हणून शहरात नाव होतं. पुढे ते सोडून तो अनाथालयाचा प्रमुख झाला.

आता सन बघा. संस्था १९०८ ची. जागा घेतली १९१० मध्ये. पायाभरणी १९११ च्या जूनमध्ये. मुलं नव्या घरात राहायला आली १९१२ च्या ऑक्टोबरात. म्हणजे पाया घालायच्या आधी तीन वर्षं ही माणसं जुन्याच पडक्या जागेत मुलांबरोबर होती. कोणतं मूल रात्री उठतं, कुणाला भाकरी उशाखाली लपवायची सवय आहे, हे सगळं त्यांना आराखडा काढण्याआधी कळलं होतं.

तेव्हा पहिली सूचना ही. मारुतीच्या देवळाची ओवरी मिळाली तर ओवरीत सुरू करा. पहिला हंगाम आम्ही ग्रामपंचायतीच्या गोदामात काढला. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, पावतीपुस्तक, लेखापरीक्षक हे सगळं पहिल्या दिवसापासून हवंच, त्यात आळस नको. पण सुरुवातीलाच एका बड्या देणगीदाराच्या मागे लागू नका. वॉर्साची संस्था सभासदांच्या वर्गणीवर उभी होती. आमच्याकडे सुगीत घरटी पायलीभर ज्वारी येते. एका वर्षी पाऊस नव्हता तर अदपाव आली, पण आली. जो माणूस पायली देतो तो हंगामात चार वेळा डोकावून जातो. ज्यानं पाच लाख दिले तो फक्त फलकावरचं नाव बरोबर लिहिलंय का ते बघायला आला.

बांधायचंच झालं तर खुंट्या मोजा

क्रोख्माल्ना रस्त्यावरचं ९२ नंबरचं घर त्या काळी नवलाचं होतं. मध्यवर्ती उष्णता, वीज, गरम-गार पाण्याचे नळ, फरशीची न्हाणीघरं. तळमजल्यावर एक मोठं दालन होतं. जेवण, अभ्यास, खेळ, सभा, सगळं त्यातच. मुलांच्या आणि मुलींच्या निजायच्या खोल्यांमध्ये एक छोटी खोली होती आणि तिला काचेच्या खिडक्या. रात्री कुणी दचकून उठलं तर मोठ्या माणसाला ते तिथून दिसायचं.

आपल्याला एवढं परवडत नाही. मला स्लॅबसुद्धा परवडली नव्हती, पत्रा टाकला. पण एक फुकटची गोष्ट मी चुकले ती सांगते. दप्तरं आणि टॉवेल अडकवायला आम्ही भिंतीला खुंट्या मारून घेतल्या. गवंड्यानं त्या स्वतःच्या खांद्याच्या उंचीवर मारल्या. त्यानंतर सहा महिने आम्ही मुलांना बोलत होतो: दप्तरं जमिनीवर का, टॉवेल ओले का, शिस्त नाही का तुम्हाला. एक दिवस दुसरीतला एक पोरगा बादली पालथी घालून, तिच्यावर चढून टॉवेल अडकवताना पडला. हनुवटीला तीन टाके. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. त्याच आठवड्यात सगळ्या खुंट्या काढून साडेतीन फुटांवर मारल्या. तेव्हापासून दप्तरावरून बोलावं लागलं नाही. बांधकाम बघायला जाताना सगळ्यांत बारकं मूल बरोबर न्या आणि कडी, नळ, फळी, आरसा, सगळ्याला त्याचा हात लावून घ्या.

पहिलं वर्ष वाईट जाणार

इतक्या सुंदर घरात आल्यावर मुलं खूश झाली असतील असं आपल्याला वाटतं. कोर्चाकनं लिहिलंय की नव्या घरातला सुरुवातीचा काळ त्याच्या आयुष्यातला सर्वांत वाईट काळ होता. पडक्या जागेत दांडगाई करून राज्य करणारी मुलं लखलखीत फरशीवर बावचळली आणि त्यांनी उघड असहकार पुकारला. त्याला वाटलं होतं, आता कशानंच धक्का बसणार नाही. बसला.

मी हे वाचलं तेव्हा मला जेवण गोड लागलं. तोवर वाटायचं, आपल्यालाच जमत नाही. नव्या वसतिगृहाच्या पहिल्या हंगामात भांडी फुटणार, एखादं पोर रात्री पळून फडाच्या वाटेला लागणार, स्वयंपाकाच्या मावशी काम सोडते म्हणणार. देणगीदारांना हे आधीच सांगून ठेवा. पहिल्याच वर्षी अहवालात ‘मुले आनंदी आहेत’ असं लिहिलंत तर दुसऱ्या वर्षी खोटं वाढवत न्यावं लागेल.

फळा, पेटी आणि सापडलेल्या वस्तूंचं कपाट

इथून खरं काम सुरू होतं. पैसे जवळजवळ लागत नाहीत.

फळा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. आधी आमच्या फळ्यावर फक्त माझे हुकूम असायचे. वॉर्साच्या फळ्यावर मुलंही लिहीत: कुणाला काय बदलून हवंय, कुणाची माफी मागायची आहे, कुठे काय हरवलंय. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठीही फळा हवाच, असं कोर्चाकचं म्हणणं, कारण ज्याला कळत नाही तोच ‘काय लिहिलंय गं?’ म्हणत दुसऱ्याला विचारतो. त्याच्या मुलांच्या घरी यिद्दिश ही ज्यूंची भाषा बोलली जायची आणि अनाथालयात पोलिश चालायची. आमच्याकडे निम्मी मुलं घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, शाळेत मराठी. पहिल्या वर्षी फळ्यावर नुसती चित्रं होती. बादलीचं चित्र म्हणजे आज पाणी उशिरा. पोस्टाचं चित्र म्हणजे कुणाच्या तरी आईबापाचा फोन येणार.

पत्रपेटी म्हणजे कुलूप लावलेला पत्र्याचा डबा. आम्ही तुपाच्या डब्याला चीर पाडली. मुलानं माझ्यामागे ‘बाई, बाई’ करत फिरायचं नाही, लिहून टाकायचं. मी रात्री नऊला डबा उघडते. कोर्चाकनं याचे फायदे लिहिलेत: मूल उत्तराची वाट बघायला शिकतं, लहान गोष्ट आणि मोठी गोष्ट वेगळी करायला शिकतं. खरं आहे. पण त्यानं न लिहिलेला एक फायदा मला दिसला. दिवसभर माझ्या आसपासही न फिरकणारी मुलं डब्यात लिहितात. ‘मला खालच्या गादीवर झोपायचंय, वर अंथरुण ओलं झालं की सगळ्यांना कळतं.’ हे तोंडानं कोण सांगेल?

बाल न्याय कायद्याखाली बालगृहांसाठी २०१६ चे जे आदर्श नियम आहेत त्यांतही सूचनापेटी आणि मुलांच्या समित्या आहेत. तुमची संस्था त्या कायद्याखाली येत असेल तर ती पेटी वेगळी ठेवा आणि ही घरची पेटी वेगळी. सरकारी पेटीत मुलं अंथरुणाचं लिहीत नाहीत.

तिसरं, सापडलेल्या वस्तूंचं कपाट. दोरा, काचगोटी, तुटकी क्लिप, बसचं तिकीट, आपण झाडूबरोबर टाकून देतो ते सगळं तिथं ठेवायचं. वॉर्साच्या घरात प्रत्येक मुलाला स्वतःचा खणही होता. आमच्याकडे प्रत्येकाची पत्र्याची पेटी असते. तिच्यावर नाव घालायचं आणि आपण ती उघडायची नाही. या नियमाबद्दल पुढे सांगते, कारण तो मीच मोडला.

आणि झाडू. कोर्चाकनं केरसुण्या, फडकी, ब्रश कोपऱ्यात न लपवता निजायच्या खोलीच्या दाराशी, दिसतील असे ठेवले. घरातली कामं मुलंच करायची, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्यांनी, आणि त्यांचा हिशेब असायचा. आमच्याकडे यावर एका आईनं भांडण काढलं होतं: ‘पोराला शिकायला ठेवलंय, झाडायला नाही.’ मी तिला पाळ्यांचा तक्ता दाखवला. त्यात माझंही नाव होतं, मंगळवारी, संडास. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं वाळवलेल्या मिरच्या पाठवल्या.

मुलांचं कोर्ट

फोनवरच्या माणसाला हा शब्द ऐकला की हसू येतं. नीट ऐका.

वॉर्साच्या घरात कुणीही कुणावरही खटला भरू शके. मूल मुलावर, मूल मोठ्यावर, मोठा मुलावर. फळ्यावर नाव लिहायचं, मग सुनावणी. न्यायाधीश पाच, चिठ्ठ्या टाकून निवडलेले, आणि ज्यांच्यावर त्या आठवड्यात खटला नाही अशाच मुलांतून. मोठा माणूस फक्त चिटणीस. जबान्या टिपून घ्यायच्या आणि वाचून दाखवायच्या, मत द्यायचं नाही. शिक्षेची कलमं हजारपर्यंत जात, पण आकडे शंभराच्या उड्या मारत जात. पहिली नव्याण्णव सगळी माफीची. शंभरावं सांगे की हे तू केलंस, कोर्ट माफ करत नाही. दोनशे म्हणजे चुकीचं वागलास. पुढे घरच्या वर्तमानपत्रात छापणं, फळ्यावर नाव, घरच्यांना कळवणं, आणि शेवटचं हजारावं म्हणजे घरातून काढणं. तेही तीन महिन्यांनी परत अर्ज करता येई अशा बेतानं. मारणं नाही, उपाशी ठेवणं नाही, कोंडणं नाही. एका वर्षात साडेतीन हजार खटले झाले. कमीत कमी आठवड्याला ५०, जास्तीत जास्त १३०.

आमच्याकडे सहा कलमं आहेत आणि पहिली तीन माफीची: ‘माहीत नव्हतं’, ‘चुकून झालं’, ‘पुन्हा करणार नाही म्हणतोय’. चौथं: केलंस. पाचवं: चुकलास. सहावं: चुकलास, आणि फळ्यावर आठवडाभर राहील. बस. न्यायाधीश तीन. कोर्ट रविवारी सकाळी न्हाणी उरकल्यावर भरतं. तेव्हा सगळे निवांत असतात आणि पोहे व्हायचे असतात, म्हणून कुणी लांबवत नाही. चिठ्ठी लेखीच हवी, आणि गुरुवारपर्यंत. पुष्कळ खटले गुरुवार ते रविवार या दिवसांतच मिटतात. ‘बाई, माझी चिठ्ठी काढा, आमची बट्टी झाली.’

पहिल्या महिन्यातला एक खटला सांगते. लोणच्याची बरणी. रात्री कुणीतरी बोटं घालून कैरीच्या फोडी खाल्ल्या आणि लोणच्याला बुरशी आली. मावशींनी चौथीतल्या एकावर खटला भरला. (नावं लिहिणार नाही. मुलांची नावं चव्हाट्यावर आणायची नसतात, कायदाही तेच सांगतो.) पोरानं कबूल केलं. न्यायाधीश होत्या सातवीतल्या दोघी आणि पाचवीतला एक. मी मनात कलम सहा धरून बसले होते. पाचवीतल्यानं विचारलं, ‘मावशी, जेवताना लोणचं किती फोडी वाढता?’ मावशी म्हणाल्या, ‘एक.’ ‘मागितलं तर?’ ‘संपेल ना रे, मार्चपर्यंत पुरवायचंय.’ तिघं बाहेर जाऊन आले. कलम चार, आणि शिफारस अशी की रविवारी दोन फोडी. तेव्हापासून रविवारी दोन फोडी आहेत. बरणी मार्चपर्यंत पुरत नाही, फेब्रुवारीत संपते.

आपण पिंजऱ्यात उभं राहायचं

हे केलं नाही तर बाकीचं सगळं नाटक आहे. कोर्चाक सहा महिन्यांत पाच वेळा स्वतःच्याच कोर्टासमोर गेला. एका मुलाचा कान उपटला म्हणून. एकाला निजायच्या खोलीबाहेर काढलं म्हणून. एकाला कोपऱ्यात उभं केलं म्हणून. एका न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून. आणि एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून.

पाचवा गुन्हा माझाही आहे. एका मुलीचे शंभर रुपये हरवले, बापानं जाताना दिलेले. मी चिडले. सहावीतली एक पोरगी दोन दिवस पेटीला चिकटून बसलेली दिसत होती. मी सगळ्यांसमोर तिची पेटी उपसली. आत कपड्यांखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत साबणाचा गोळा निघाला. दर महिन्याला मिळणारी वडी ती अर्धीच वापरायची आणि उरलेले तुकडे ओले करून एकात एक दाबून ठेवायची. आई येईल तेव्हा द्यायचा होता. शंभराची नोट दुसऱ्या दिवशी मालकिणीच्याच भूगोलाच्या पुस्तकात सापडली.

गुरुवारी चिठ्ठी आली. ‘बाईंनी माझी पेटी सगळ्यांसमोर उघडली. आता सगळ्यांना साबण माहीत झाला.’

रविवारी मी सतरंजीवर समोर बसले. न्यायाधीशांतली सर्वांत मोठी तेरा वर्षांची. तिनं विचारलं, ‘बाई, तुम्ही तिला आधी विचारलं होतं का?’ नाही. ‘एकटीला बाजूला नेलं होतं का?’ नाही. कलम पाच. सहा का नाही, असं मी नंतर विचारलं. म्हणाली, ‘फळ्यावर लिहिलं असतं तर साबणाचं पण लिहावं लागलं असतं.’

विश्वस्तांपैकी एक त्या आठवड्यात आले आणि त्यांना कुणीतरी हे सांगितलं. ते म्हणाले, पोरांना डोक्यावर बसवताय, संस्थेची अब्रू जाईल. दीड तास हुज्जत झाली. शेवटी ते स्वतःच्याच पायांनी रविवारी बघायला आले आणि अर्ध्या तासात, चपला बाहेर का काढत नाहीत म्हणून त्यांच्यावरच चिठ्ठी पडली. आता ते चपला काढतात.

कुठे थांबायचं

कोर्ट सुरू केलं की मुलं त्याचा वापर बडग्यासारखा करतात. ‘कोर्टात टाकीन’ ही धमकी होते. मोठी मुलं लहानांकडून बिस्किटं उकळतात. वॉर्सालाही हेच झालं आणि कोर्चाकला काही आठवडे कोर्ट बंद ठेवावं लागलं. मी पंधरा दिवस ठेवलं. बंद करताना कारण फळ्यावर लिहा आणि सुरू करायची तारीखही लिहा.

काही गोष्टी या कोर्टापुढे येताच कामा नयेत. अंगाला नको तसा हात लावणं, मारहाण, कर्मचाऱ्यानं केलेली कोणतीही वाईट गोष्ट. अशी चिठ्ठी डब्यात आली तर त्याच रात्री मुलांच्या मदतवाहिनीला, १०९८ ला फोन आणि पोलीस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे आणि माहिती दडवणं हाही गुन्हा आहे. ‘संस्थेचं नाव’ हा शब्द त्या वेळी तोंडातून काढायचा नाही.

वॉर्साचं सगळंच उचलू नका. हजारावं कलम मी घेतलं नाही. आमच्या मुलांना काढून पाठवायचं कुठे, फडावर? आणि त्यांचं मतदान. नव्या मुलाबद्दल बाकीच्यांनी अधिक, उणे किंवा शून्य अशी चिठ्ठी टाकायची आणि त्यावरून घरातलं त्याचं स्थान ठरायचं. मी एकदा करून बघितलं. एका पोराला एकतीस उणे पडले. मी आकडा वाचून दाखवला नाही, चिठ्ठ्या चुलीत घातल्या आणि मुलांना तसं सांगितलं. कोर्चाक थोर असेल, पण हे मला पटलं नाही. त्याचीच दुसरी रीत त्यापेक्षा बरी: नव्या मुलाला पहिले तीन महिने एक मोठं मूल पालक म्हणून नेमायचं. पूर्वी स्वतः छळलेलं मूल यात फार चांगलं निघतं.

वाढ म्हणजे काय, हे आधी ठरवा

फोनवरचा माणूस शेवटी विचारतो, ‘पाच वर्षांत पाचशे मुलं करायची आहेत, कसं करू?’

त्या घरात १९१२ साली सुमारे शंभर मुलं होती. १९३० च्या दशकातही तेवढीच होती. ती जागाच तेवढ्यासाठी बांधलेली होती. तरी संस्था वाढत होती. पहिल्या महायुद्धात कोर्चाक लष्करी डॉक्टर म्हणून गेला तेव्हा विल्चिन्स्कानं घर सांभाळलं. म्हणजे संस्था एका माणसावर लटकलेली नव्हती. (तिचं नाव कुणी घेत नाही. रोज सकाळी कुणाच्या नाकाला शेंबूड आहे ते तीच बघायची.) १९१९ मध्ये मारिना फाल्स्कानं पोलिश कामगारांच्या मुलांसाठी दुसरं घर काढलं. चालवायला वेगळी माणसं, पण कोर्ट आणि फळा हेच. १९२१ मध्ये एका दांपत्यानं आपल्या गेलेल्या मुलीच्या आठवणीसाठी शहराबाहेर जागा दिली, तिथं उन्हाळी छावणी आणि शेती झाली. १९२३ पासून शिकणाऱ्या तरुणांना राहणं-जेवण देऊन बदल्यात रोज काही तास काम घ्यायला सुरुवात केली. १९२६ मध्ये एका पोलिश-ज्यू दैनिकाची शुक्रवारची पुरवणी निघाली. लिहिणारी सगळी मुलं, देशभरातली. त्या शंभर खाटांची रीत दूरच्या खेड्यातल्या मुलांपर्यंत अशी पोचली.

आम्हीही त्रेचाळिसावं मूल घेत नाही. शेजारच्या तालुक्यातल्या दोघींना इथं दोन हंगाम राहू दिलं, त्या आता त्यांच्या गावी स्वतःचं चालवतात. आमच्या जुन्या मुलींपैकी दोघी कॉलेज करतात आणि संध्याकाळी दोन तास अभ्यास घेतात, त्यांचं जेवण इथंच. हे मी १९२३ मधून उचललं.

मुलं विचारतात, त्या डॉक्टरचं आणि त्या मुलांचं पुढे काय झालं? लहानांना मी सांगत नाही. आठवीच्या मुलांना सांगते. १९४० मध्ये जर्मनांनी ज्यूंना घेट्टोत, म्हणजे भिंत घातलेल्या वस्तीत कोंडलं, घर सोडावं लागलं, मग आणखी एकदा. मुलं दोनशेच्या घरात गेली. म्हातारा डॉक्टर रोज दारोदार फिरून मुलांसाठी धान्य मागायचा. १८ जुलै १९४२ रोजी मुलांनी रवींद्रनाथ टागोरांचं ‘डाकघर’ करून दाखवलं. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा मुलं, कोर्चाक, विल्चिन्स्का, सगळ्यांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं. बाहेर काढायला लोक तयार असूनही कोर्चाकनं मुलांना सोडलं नव्हतं. एवढं सांगून मी थांबते. एकदा एकीनं विचारलं, ‘बाई, त्यांच्या कोर्टाच्या वह्या कुठं गेल्या?’

हंगाम संपताना

म्हणून वह्यांबद्दल सांगते. कोर्टाची वही दर हंगामाला नवी. नावाऐवजी कामाच्या पाळीचा नंबर लिहायचा. पाडव्याच्या आधीच्या रविवारी शेवटचं कोर्ट. जे खटले राहतील ते फाडायचे नाहीत, पुढच्या दिवाळीपर्यंत राखून ठेवायचे. निम्मे लोक तोवर विसरलेले असतात, निम्मे नसतात. वही पत्र्याच्या कपाटात ठेवायची, किल्ली न्यायाधीशांपैकी एकाकडे. उंदीर फार असतात, म्हणून नॅप्थलीन.

आणि पेट्या न्यायला आईबाप येतील त्या दिवशी दारात गर्दी करू नका. बाजूला बसा. साबणवालीची आई आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तोवर त्या दोघी एसटीच्या थांब्यावर पोचल्या होत्या. पेटी आईच्या डोक्यावर, आणि पिशवी पोरीच्या हातात.